आयसीयूच्या मॉनिटरला अलार्म लिमिट लावणं : आमच्याकडे काय काय झालं

ठाण्यात घोडबंदर रोडला एका खाजगी हॉस्पिटलमध्ये मी आयसीयूला स्टाफ नर्स आहे. मधे आमच्याकडे जुने मॉनिटर काढून सगळ्या बेडना नवीन मल्टीपॅरा मॉनिटर (हार्ट रेट, बीपी, ऑक्सिजन सगळं एकाच स्क्रीनवर दाखवणारे) बसवले आणि त्यांच्या अलार्म लिमिट्स, म्हणजे कुठला आकडा किती वर किंवा खाली गेला की मॉनिटरने ओरडायचं त्या मर्यादा, नीट लावून घ्यायचं काम इन्चार्ज सिस्टरनी माझ्या आणि अजून एका ब्रदरच्या गळ्यात घातलं. दुसऱ्या हॉस्पिटलमधल्या मैत्रिणी सारख्या विचारतात की तुम्ही नक्की काय केलंत, प्रत्येकीला फोनवर तेच तेच सांगून कंटाळा आला म्हणून एकदाच लिहून टाकते. आणि ज्यांचं माणूस आयसीयूत असतं आणि भेटायच्या वेळेत ते पेशंटकडे कमी आणि स्क्रीनकडे जास्त बघतात, त्यांनाही यातलं थोडं उपयोगी पडेल.

मॉनिटर आले त्या दिवशी कंपनीकडून डेमो द्यायला एक मुलगा आला होता. चांगला होता बिचारा, पण त्याला संध्याकाळी वाशीला दुसरीकडे पोचायचं होतं आणि सगळं लक्ष घड्याळाकडे. टचस्क्रीन दाखवला, ट्रेंड कसा बघायचा, वेव्हचा रंग कसा बदलायचा, नाइट मोडला ब्राइटनेस कसा कमी होतो हे सगळं दाखवलं आणि अलार्मचं पान उघडून म्हणाला, हे सगळं सेट आहे मॅडम, काही करायची गरज नाही. सेट म्हणजे काय तर फॅक्टरीतून आलेलं. अडल्टला हार्ट रेट ५० ते १२०, सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी) ९० ते १००, रेस्पिरेशन (मिनिटाला किती श्वास) ८ ते ३०, वरचं बीपी ९० ते १६०, खालचं ५० ते ९०. आकडे चुकीचे नाहीत, कोणीतरी विचार करूनच टाकलेत, पण आयसीयूत जो माणूस येतो तो या आकड्यांत बसत नाही म्हणूनच येतो ना.

मग व्हायचं तेच झालं. एका बेडचा थांबला की दुसऱ्याचा सुरू, आणि नवीन मॉनिटर असल्यामुळे आवाज पण खणखणीत. पहिले काही दिवस सगळे धावायचे, मग चालत जायला लागले, मग लांबूनच मान वळवून बघायला लागले आणि शेवटी काही जण मानसुद्धा वळवेनात. सोसायटीच्या पार्किंगमध्ये रात्री गाडीचा अलार्म वाजतो तेव्हा कोणी खिडकी उघडून बघतं का? तसंच. आणि यात कोणाचा आळशीपणा नाही, माणसाचं डोकंच असं आहे, दहादा खोटं निघालं की अकराव्यांदा ते ऐकतच नाही. याला अलार्म फटीग म्हणतात आणि यावर बाहेर बराच अभ्यास झालाय. सॅन फ्रान्सिस्कोच्या युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाने त्यांच्या ५ आयसीयूंतल्या ७७ बेडचं रेकॉर्डिंग केलं होतं, ३१ दिवसांत २५ लाखांहून जास्त अलार्म नोंदले गेले, त्यातले आवाज करणारेच धरले तरी एका बेडमागे दिवसाला १८७. २०१४ साली तो पेपर आला. त्याच्या आदल्या वर्षी अमेरिकेत हॉस्पिटलांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने इशारा काढला होता की जानेवारी २००९ ते जून २०१२ या काळात अलार्मशी संबंधित ९८ घटना त्यांच्याकडे कळवल्या गेल्या आणि त्यात ८० पेशंट दगावले. हे आम्हाला सीएनईच्या, म्हणजे नोकरीतल्या नर्सेसच्या शिक्षणाच्या, लेक्चरला सांगितलं होतं, तेव्हा आम्ही पाठीमागे बसून वडापाव खात होतो, आता मात्र ते सगळं आठवायला लागलं.

काम हातात आल्यावर आम्ही आधी लिमिटला हातच लावला नाही. इन्चार्ज सिस्टर केरळच्या आहेत, वीस-पंचवीस वर्षं ठाण्यात काढल्यामुळे मराठी आपल्यासारखंच बोलतात, त्या म्हणाल्या, अगं आधी बघा तरी कशाला वाजतंय, मग बदला. म्हणून एक वही ठेवली, जो कोणी अलार्म बंद करायला जाईल त्याने बेड नंबर, कशाचा अलार्म, आकडा किती आणि आपण काय केलं एवढं लिहायचं. शेवटचा रकाना महत्त्वाचा होता, काय केलं. वही भरत गेली तसं त्या रकान्यात एकच शब्द खाली खाली उतरत गेला, काही नाही, काही नाही, काही नाही. एका ब्रदरने तर वर एकदा लिहून खाली नुसत्या आडव्या रेघा मारल्या होत्या.

वहीतून पहिली गोष्ट जी दिसली तिचा लिमिटशी काही संबंधच नव्हता. चार नंबरच्या बेडला दर पंधरा मिनिटांनी सॅच्युरेशन जायचं, अगदी घड्याळ लावल्यासारखं. जाऊन बघितलं तर बीपीचा कफ आणि सॅच्युरेशनचा प्रोब (बोटाला लावायचा चिमटा) एकाच हाताला. कफ फुगला की त्या हाताचा रक्तप्रवाह थांबतो, बोटातली पल्स जाते, प्रोबला काही सापडत नाही, मॉनिटर ओरडतो, कफ उतरला की सगळं ठीक. प्रोब दुसऱ्या हाताला लावला आणि त्या बेडचा अर्धा आवाज गेला. असंच ईसीजीच्या इलेक्ट्रोडचं. ऑगस्टमध्ये एसी कितीही असला तरी पेशंटला घाम येतो, इलेक्ट्रोडचं जेल सुकतं किंवा चिकटपणा जातो, वेव्ह थरथरते आणि मॉनिटरला ती व्हीटी, म्हणजे हृदयाची धोकादायक वेगवान लय, वाटते. एका काकांचा हात पार्किन्सनमुळे हलायचा, त्यांच्या बेडला तर रोज लाल अलार्म, काका आपले शांतपणे चहा पितायत आणि वर स्क्रीनवर व्हीटी. एका आजींची टी वेव्ह (ईसीजीत ठोक्यानंतर येणारा उंचवटा) इतकी उंच होती की मॉनिटर एका ठोक्याचे दोन मोजायचा, पल्स हाताने ७२ आणि स्क्रीनवर १४४, लीड बदलल्यावर बरोबर झालं. त्यामुळे आम्ही पहिला नियम असा केला की रोज सकाळी स्पंजिंग झालं की इलेक्ट्रोड नवीन लावायचे, त्वचा पुसून कोरडी करून, गरज पडली तर केस काढून, आणि लिमिटचं नाव त्यानंतर काढायचं. स्टोअरवाल्यांनी इलेक्ट्रोडचा खप वाढला म्हणून कुरकुर केली, ती अजून चालू आहे.

लिमिट ठरवायला मग बसलो ते आमच्या इंटेन्सिव्हिस्ट (आयसीयूच्या डॉक्टर) मॅडम, इन्चार्ज सिस्टर, बायोमेडिकलचा, म्हणजे मशीन सांभाळणाऱ्या विभागाचा, मुलगा आणि आम्ही दोघं. मला वाटलं होतं मॅडम आकडे सांगतील, आम्ही लिहून घेऊ. पण त्यांनी उलट मलाच विचारायला सुरुवात केली. हार्ट रेट १२१ झाला तर तू काय करशील? मी म्हटलं बघेन, ताप आहे का, दुखतंय का. म्हणाल्या, आणि १२१ चा १२३ झाला तर? मी म्हटलं तेच. मग १२० ला का वाजवतेस, ज्या आकड्याला तू उठून काहीतरी करणार किंवा मला फोन करणार तो आकडा सांग. बास, त्या दिवशी सगळी चर्चा याच एका प्रश्नावर चालली आणि खरं सांगते, आजही कुठल्या पेशंटला काय लावायचं असा घोळ झाला की मी स्वतःला हेच विचारते.

तर हार्ट रेट आम्ही ४५ ते १३० केला. हे आमच्या मनाचं नाही, बॉस्टन मेडिकल सेंटरमध्ये असंच केलं होतं, तिथे एका कार्डिॲक वॉर्डात आठवड्याला ८७,८२३ आवाज व्हायचे ते ९,९६७ वर आले, म्हणजे ८९ टक्के कमी. पण मॅडमनी लगेच सांगितलं की तो वॉर्ड होता, आयसीयू नाही, त्यामुळे सगळं जसंच्या तसं उचलायचं नाही, आणि ते लोक नुसते आकडे सैल करून थांबले नव्हते, जे अलार्म ठेवले ते वाजले की कोणीतरी गेलंच पाहिजे असं त्यांनी केलं होतं. सॅच्युरेशनवर मात्र वादावादी झाली. ब्रदरचं म्हणणं ८८ करा, सारखं ८९ ला वाजतं. मॅडम ९० वर ठाम. कारण असं की ९० च्या आसपास रक्तातला ऑक्सिजनचा दाब साधारण ६० असतो आणि तिथून खाली घसरण एकदम उतारावरची असते, ९५ चं ९२ व्हायला जेवढा दाब कमी व्हावा लागतो त्याच्यापेक्षा ८८ चं ८५ व्हायला खूपच कमी पुरतो, मग धावायला वेळ राहत नाही. मधला मार्ग म्हणून लिमिट ९० च ठेवली आणि डिले लावला, म्हणजे सॅच्युरेशन ९० च्या खाली सलग १० सेकंद राहिलं तरच वाजेल. कुशीवर वळताना, खोकताना जे दोन-तीन सेकंद आकडा पडतो ते सगळे आवाज यात गेले. त्याखाली ८० ची डिसॅट लिमिट आहे, म्हणजे सॅच्युरेशन फारच घसरल्याचा अलार्म, तिला कोणी हात लावायचा नाही.

रेस्पिरेशनबद्दल बहुतेकांना माहीत नसतं की तो आकडा येतो ईसीजीच्याच लीडमधून, छाती वरखाली झाली की दोन इलेक्ट्रोडमधला विजेचा अडथळा बदलतो त्यावरून. त्यामुळे पेशंट बोलला, हसला, फिजिओवाल्यांनी छाती थोपटली की आकडा ४०. त्यामुळे बरेच जण रेस्पिरेशनचा अलार्म सरळ बंद करून टाकतात. मला हे अजिबात पटत नाही. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क असलेल्या पेशंटचं सॅच्युरेशन श्वास मंदावला तरी बराच वेळ ९७-९८ दाखवत राहतं, ऑपरेशननंतर दुखण्याची जोरदार औषधं दिलेली असतील तर तो हळूहळू गाढ होत जातो आणि सॅच्युरेशनचा अलार्म वाजेपर्यंत उशीर झालेला असतो. अशा वेळी ८ ची खालची लिमिट आणि २० सेकंद श्वासच न आल्याचा, म्हणजे ॲप्नियाचा, अलार्म हेच काय ते आधी सांगणार. म्हणून आम्ही वरची लिमिट ३५ केली आणि खालची ८ तशीच.

हे सगळं डिफॉल्ट म्हणून सेव्ह करायला बायोमेडिकलचा पासवर्ड लागतो, तो आमच्याकडे नसतो आणि नसावाही. त्या मुलाने एकेका मॉनिटरला जाऊन टाकलं आणि सेंट्रल स्टेशनवर (सगळ्या बेडचे आकडे एकत्र दिसतात ती स्क्रीन) तपासलं. त्यात दोन मॉनिटरची तारीखच चुकीची निघाली, ती पण दुरुस्त झाली.

पण डिफॉल्ट हा फक्त सुरुवातीचा आकडा, खरं काम प्रत्येक पेशंटला. वागळे इस्टेटमध्ये कंपनीत आयुष्य काढलेले एक आजोबा आले होते, सीओपीडी (फुप्फुसाचा जुना आजार), वर्षानुवर्षं विडी. कॅज्युअल्टीतून येताना मास्कवर भरपूर ऑक्सिजन लावून आणलेले, सॅच्युरेशन ९८, मॉनिटर एकदम गप्प, मुलगा खूश. पण अशा पेशंटला ९८ नकोच असतं, त्यांचं टार्गेट ८८ ते ९२, जास्त ऑक्सिजन दिला की कार्बन डायऑक्साइड साठतो आणि माणूस गुंगीत जातो. आणि डिफॉल्टला वरची लिमिट १०० आहे, म्हणजे ती कधी वाजूच शकत नाही. आम्ही खाली ८८ आणि वर ९२ लावली आणि अलार्म लगेच सुरू झाला, आरएमओनी (ड्युटीवरच्या डॉक्टरांनी) मास्क काढून व्हेंचुरी, म्हणजे ठरावीक प्रमाणातच ऑक्सिजन देणारा मास्क, लावला, ऑक्सिजन कमी केला. मुलगा वैतागला. सिस्टर, बाबांचं ९८ होतं ते तुम्ही ९० वर आणलंत आणि वर म्हणताय बरं आहे? त्याला बाजूला घेऊन समजावायला लागलं की दादा, तुमच्या बाबांच्या शरीराला वर्षानुवर्षं ९० चीच सवय आहे, जास्त दिलं तर श्वास मंदावून झोपतील आणि मग नळी घालायची वेळ येईल. पटलं की नाही माहीत नाही पण नंतर तोच दुसऱ्या नातेवाइकांना आमचं ९१ आहे, परफेक्ट आहे असं सांगत होता. यात एक लक्षात ठेवायचं, ऑक्सिजन काढला की वरची लिमिट परत १०० करायची, नाहीतर पेशंट स्वतःच्या जोरावर ९४ झाला तरी मॉनिटर तक्रार करत बसतो.

नॉरॲड (बीपी वाढवणारं, पंपाने चालणारं औषध) चालू असलेल्या पेशंटला आम्ही मीन, म्हणजे सरासरी, बीपीची खालची लिमिट ६५ ठेवतो, एक आकडा पण सैल नाही, कारण ६४ झालं तर मी पंपचा रेट बदलणार आहे, म्हणजे उठायचं कारण आहे. तेच नॉरॲड नसलेल्या, मुळातच कमी बीपी असलेल्या बारीक अंगाच्या बाईला ६० चालतं, डॉक्टरांना विचारून. जुनी एएफ (हृदयाची अनियमित लय) असलेल्या आजींना इर्रेग्युलरचा अलार्म दर मिनिटाला वाजवून काय सांगणार, आजी गेली सहा वर्षं इर्रेग्युलरच आहेत, तो डॉक्टरांच्या ऑर्डरने बंद केला आणि वरचा रेट १४० केला, पण व्हीटी, व्हीएफ (हृदय नुसतं थरथरणं), असिस्टोल (हृदय थांबणं) या तिघांना हात लावायचा नाही म्हणजे नाही.

सगळ्यात जास्त शिकवलं ते डेंग्यूने. ठाण्यात पावसाळा सुरू झाला की आमचा आयसीयू डेंग्यू आणि लेप्टोने भरतो, त्यातला एक कळव्याचा कॉलेजचा मुलगा. पाचव्या दिवशी ताप उतरला, आई म्हणाली आता बरा झाला, घरी कधी सोडता. मॉनिटरवर हार्ट रेट ११२, बीपी १०४/८६, सॅच्युरेशन ९९. एकही लिमिट ओलांडलेली नाही, सगळं हिरवं, आवाज शून्य. पण वरचं आणि खालचं बीपी वजा करा, १८. डेंग्यूत हा फरक २० किंवा त्याच्या खाली आला की ते शॉकचं लक्षण असतं, कारण रक्तवाहिन्यांतून पाणी बाहेर झिरपत असतं, आणि वरचं बीपी शेवटपर्यंत टिकून राहतं, पडतं तेव्हा एकदम पडतं. आणि हे नेमकं ताप उतरतानाच होतं. आमच्या ज्युनिअर सिस्टरने त्याच्या पायाला हात लावला, गार, नख दाबून सोडलं तर रंग परत यायला वेळ लागत होता, तिने आरएमओना बोलावलं, फ्लुइड सुरू झालं आणि तासाभरात फरक उघडायला लागला. आमच्या मॉनिटरला या फरकाचा अलार्मच नाही. म्हणजे वरच्या आणि खालच्या बीपीच्या लिमिट्स तुम्ही कितीही विचार करून लावा, ते दोन आकडे एकमेकांच्या जवळ सरकतायत हे तो सांगणार नाही.

त्यानंतर मॅडमनी डेंग्यूसाठी वेगळं ठरवून दिलं. खालच्या बीपीची वरची लिमिट ९० ऐवजी ८०, म्हणजे ते वर चढायला लागलं की तरी कळेल, हार्ट रेटची वरची ११०, म्हणजे इथे आपण सैल नाही तर उलट घट्ट करतोय, आणि चार्टवर फरकाचा एक रकाना हाताने भरायचा. बीपी त्या नाजूक एक-दोन दिवसांत पंधरा मिनिटांनी, पण प्लेटलेट कमी असतात त्यामुळे सारखा कफ फुगून दंडावर लाल ठिपके उठतात, म्हणून हात बदलत राहायचं आणि पेशंट सावरला की वेळ वाढवायची. आणि गंमत बघा, तोच मुलगा दोन दिवसांनी बरा होत असताना रात्री झोपला की त्याचा हार्ट रेट ४३-४४. डेंग्यूतून उठताना पल्स अशी मंद होते, बहुतेक वेळा आपोआप सुधारते. उठवलं की टकाटका बोलतो, बीपी छान, ईसीजी काढून डॉक्टरांनी बघितला, आणि खालची लिमिट ४० करून दिली. एकाच पेशंटला आधी घट्ट, मग सैल, आठवड्याच्या आत. म्हणून ॲडमिशनला एकदा लिमिट लावली आणि विसरलो हे चालत नाही, प्रत्येक शिफ्टला हँडओव्हर घेताना आम्ही आता लिमिटचं पान उघडून दोघीजणी बघतो, आणि बदललेलं असेल तर का बदललं ते चार्टवर डॉक्टरांच्या सहीने.

मॉनिटरवर एक ऑटो लिमिट नावाचं बटण असतं, त्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे, त्याच्यापासून लांब राहा. ते आत्ताचा आकडा घेतं आणि त्याच्या वर-खाली लिमिट टाकतं. पेशंट स्थिर असेल तर ठीक, पण हार्ट रेट १३८ असताना कोणी ते दाबलं तर मशीन समजतं की याचं नॉर्मलच १३८ आहे, वरची लिमिट अजून वर नेऊन ठेवतं आणि शांतता होते. शांतता झाली म्हणून सगळ्यांना बरं वाटतं, पेशंट आहे तिथेच. आमच्याकडे हे एका नाइटला झालेलं सकाळच्या हँडओव्हरला सापडलं, तेव्हापासून ते बटण बायोमेडिकलकडून मेनूतून काढूनच टाकलं.

तसंच डिस्चार्जचं. पेशंट वॉर्डला शिफ्ट झाला, मामांनी बेड साफ केला, नवीन पेशंट आला, पण मॉनिटरवर जुना पेशंट डिस्चार्ज केलाच नाही तर त्या सीओपीडीवाल्या आजोबांची ८८ ची लिमिट हार्ट अटॅकच्या नवीन पेशंटला लागू राहते, आणि मजा म्हणजे स्क्रीनवर नावही आजोबांचंच असतं. पेशंट गेला की आधी डिस्चार्ज, मग नवीन ॲडमिट, मग अडल्ट का पीडिया (लहान मूल) ते बघायचं, कारण त्यावर बीपीचा कफ किती दाबाने फुगणार तेही ठरतं. हे सगळं मिळून मिनिटभराचं काम आहे पण ॲडमिशनच्या गडबडीत हेच पहिलं राहून जातं.

रंग आणि आवाजाचं नातेवाइकांसाठी सांगते. आयईसी ६०६०१-१-८ म्हणून एक आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड आहे, त्याप्रमाणे लाल लुकलुकतो आणि दहा ठोक्यांचा आवाज येतो तो सगळ्यात तातडीचा, पिवळा लुकलुकतो आणि तीन ठोके तो त्याच्या खालचा. आमच्या मॉनिटरवर त्याच्या खाली एक निळसर रंग आहे, लीड निघाली, प्रोब निघाला, असल्या गोष्टींचा, आणि मला विचाराल तर हाच सगळ्यात फसवा. आवाज मंद असल्यामुळे कोणी लक्ष देत नाही, पण लीड ऑफ म्हणजे त्या पेशंटला आत्ता मॉनिटरच नाही, त्याचं हृदय थांबलं तरी लाल अलार्म येणार कुठून? म्हणून लीड ऑफचा दर्जा आम्ही बायोमेडिकलला सांगून एक पायरी वर करून घेतला.

आणि घंटेवर फुली मारलेली दिसली की लगेच व्हिडिओ काढू नका. दोन प्रकार असतात, पॉझ केलेला आवाज दोन मिनिटांनी आपोआप परत येतो, सक्शन करताना, कुशीवर वळवताना तेवढाच वापरतो. दुसरा म्हणजे अलार्म ऑफ, तो कोणी चालू करेपर्यंत येत नाही, आणि तो आमच्याकडे डॉक्टरांनी चार्टवर लिहिल्याशिवाय करायचा नाही. पूर्वी राउंडला कोणीतरी कन्सल्टंट म्हणायचे सिस्टर तो आवाज बंद करा आधी, आणि आम्ही करायचो, आता मी विचारते सर, बंद करू का लिमिट बदलून देता? एक-दोघांना राग येतो, बाकीचे आकडा सांगतात.

वही आम्ही नंतर परत एकदा ठेवली. काही नाही हा शब्द अजून आहेच, पण मधे मधे ऑक्सिजन वाढवला, डॉक्टरांना कळवलं, पंप बदलला, लीड लावली असं दिसायला लागलं. आवाजाच्या व्हॉल्यूमवरून मात्र अजून भांडण आहे, नाइटवाले कमी करतात आणि सकाळचे वाढवतात, आमच्या आयसीयूचा कोपरा असा आहे की शेवटच्या दोन बेडचा आवाज नर्सिंग स्टेशनला येतच नाही, त्यामुळे एक ठराविक पातळी आहे तिच्या खाली व्हॉल्यूम जाणारच नाही असं बायोमेडिकलने लॉक केलंय. पलीकडच्या एनआयसीयूच्या (नवजात बाळांच्या आयसीयूच्या) सिस्टर आमचा तक्ता मागायला आल्या होत्या, त्यांना दिला पण सांगितलं की जसाच्या तसा लावू नका, तुमच्याकडे ऑक्सिजनवर असलेल्या कमी दिवसांच्या बाळाला ९५ च्या वर गेलेलंही चालत नाही, डोळ्यांच्या पडद्याला धोका असतो, तुमचं गणितच वेगळं.

राहिलाय तो ट्रान्सपोर्ट मॉनिटर. सीटी स्कॅनला पेशंट नेताना जो छोटा लावतो तो वेगळ्या कंपनीचा आहे, त्याच्यात अजून फॅक्टरीचेच आकडे आहेत आणि लिफ्टमध्ये आजोबांना घेऊन उभं असताना तो ८९ ला बोंबलतो आणि सोबतची सगळी माणसं घाबरतात. बायोमेडिकलचा मुलगा म्हणालाय सोमवारी बघतो, त्याला पासवर्ड कंपनीकडून मागवायला लागणार आहे.